जगबुडी आणि जुना इतिहास: तारखा ताडून कशा बघायच्या

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमधल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो, पाणी कंबरेला लागलं का गळ्याला ते दाखवणारा, आणि दुसरी म्हणजे कुणीतरी ढकललेली जगबुडीची पोस्ट, कधी बायबलमधल्या नोहाचं तारू सापडलं म्हणून, कधी मनूची नाव हिमालयात नेमकी कुठे बांधली होती त्याचा व्हिडिओ, कधी नूह नबींचा. मग एक जण म्हणतो सगळं थोतांड, दुसरा म्हणतो अहो सगळ्या जगात हीच गोष्ट आहे म्हणजे झालंच असणार, काका दुखावतात, आणि तासाभरात ॲडमिन ग्रुप बंद करून टाकतो.

ज्यांना वाद जिंकायचा नाहीये पण खरंच बघायचंय की जुना इतिहास आणि जगबुडीवरचा विश्वास एकमेकांच्या आड येतात का, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुणाची श्रद्धा सोडवायचा उद्योग मला करायचा नाही. इतिहासाला देवाबद्दल काही बोलता येत नाही, पण तारखेबद्दल येतं, त्यामुळे एखादी गोष्ट "अमुक साली घडली" असं कुणी म्हणालं की ती तपासता येते, बस एवढंच.

आधी दावा काय आहे ते कागदावर लिहा

हे लोक करतच नाहीत आणि म्हणून वाद भरकटतो. तीन प्रश्न विचारा: पाणी कुठपर्यंत आलं, कधी आलं, आणि मागे किती माणसं राहिली.

बायबलवाल्या मित्राला विचारलंत तर पहिलं आणि तिसरं उत्तर लगेच मिळतं, उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे, सगळे उंच डोंगर बुडाले आणि त्यांच्यावर पंधरा हात पाणी चढलं, तारवात माणसं आठ. तारीख मात्र थेट कुठेच लिहिलेली नाही, ती वंशावळीतून बेरीज करून काढतात. आदाम इतक्या वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ इतक्या वर्षांचा असताना पुढचा, अशी बेरीज करत गेलं की हिब्रू पाठात जगाच्या सुरुवातीपासून पुरापर्यंत १६५६ वर्षं येतात. आयर्लंडच्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली छापलेल्या हिशेबात जगाची सुरुवात इ.स.पू. ४००४ आली, म्हणजे पूर इ.स.पू. २३४८. ज्यू कॅलेंडरने धरलं तर तो साधारण इ.स.पू. २१०५ ला येतो. आणि जुना ग्रीक अनुवाद घेतला तर त्यात बऱ्याच पूर्वजांची वयं शंभर-शंभर वर्षांनी जास्त आहेत (शेथ झाला तेव्हा आदाम हिब्रूत १३० चा, ग्रीकमध्ये २३० चा), त्यामुळे पूर आणखी मागे, इ.स.पू. ३२०० च्या आसपास जातो. म्हणजे एकाच ग्रंथातून तीन तारखा निघतात, आणि समोरचा कुठली धरतोय हे आधी विचारून घ्या, नाहीतर तुम्ही एक खोडून काढता आणि तो गुपचूप दुसरीवर उडी मारतो.

मुसलमान मित्राकडे हा प्रश्न बराच सोपा होतो, कारण कुराणात साल नाही, नौका जूदी डोंगरावर टेकली एवढं आहे, आणि पूर फक्त नूहच्या लोकांवर आला होता, सगळ्या पृथ्वीवर नाही, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तसं मानलं तर इतिहासाशी भांडायचं काही कारणच उरत नाही.

आपल्याकडची गंमत वेगळीच. शतपथ ब्राह्मणातल्या मनू आणि माशाच्या गोष्टीत साल नाही. पुराणांच्या हिशेबाने मात्र हा प्रलय चाक्षुष मन्वंतराच्या (मन्वंतर म्हणजे एका मनूचा काळ) शेवटी, आणि त्यातून वाचलेला राजा म्हणजे पुढचा वैवस्वत मनू. आता रामकुंडावर गुरुजी संकल्प सोडताना काय म्हणतात ते नीट ऐका, "वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे, कलियुगे प्रथमचरणे", आणि पुढे "गोदावर्याः" म्हणून तुम्ही कुठल्या काठावर बसलाय तेही. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं, अशी २७ पूर्ण झाली, अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर संपली, वर कलीची पाचेक हजार. करा बेरीज, १२ कोटी ५ लाखांच्या वर जाते. म्हणजे ज्या काकांनी "मनूचा प्रलय आणि नोहाचा प्रलय एकच, ५००० वर्षांपूर्वीचा" असं फॉरवर्ड केलंय त्यांनी पोथीचा आकडाच गिळून टाकलाय. १२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर होते, माणूस नव्हता, तेव्हा तिथे इतिहासाला बोलायला काही सापडतच नाही, तो प्रश्न जीवशास्त्राकडे जातो.

म्हणून पुढची सगळी तपासणी एकाच दाव्याची: साधारण गेल्या पाचेक हजार वर्षांत, सगळी पृथ्वी एकदम बुडाली, आणि आठ-दहा माणसांपासून सगळं परत सुरू झालं.

तारखा वाचताना थोडं सांभाळून

इ.स.पू. उलटं मोजायचं, २६०० आधी आणि २३०० नंतर, हे सगळ्यांना माहीत असतं तरी वादाच्या भरात उलटं होतं. इंग्रजी लेखांत वर्षांच्या मागे बीपी असं दिसतं, तो ब्लडप्रेशरचा प्रकार नाही, १९५० सालापासून मागे मोजायचं असतं, म्हणजे ४३०० बीपी म्हणजे इ.स.पू. २३५० च्या आसपास. आणि कार्बन डेट (लाकूड, बिया यांतल्या कार्बनवरून काढलेलं वय) "कॅलिब्रेट" म्हणजे दुरुस्त केलेली आहे का ते बघा, कारण कच्चा आकडा आणि दुरुस्त केलेला आकडा यात शेकडो वर्षांचा फरक पडतो, कच्चे ४००० बीपी दुरुस्त करून इ.स.पू. २५०० च्या जवळ जातात. व्हिडिओवाले कच्चा आकडा एका ठिकाणचा आणि दुरुस्त दुसऱ्या ठिकाणचा घेऊन छान घोळ घालतात.

आता मुख्य टेस्ट: तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे कोण होतं

बँकेत घोटाळा झाला असा संशय आला तर आपण पासबुक काढतो आणि त्या तारखेच्या आधीची शेवटची एंट्री आणि नंतरची पहिली एंट्री बघतो, बॅलन्स जुळला तर मधे काही झालेलं नाही. इथे तेच करायचं. अशी ठिकाणं शोधा जिथे त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना तेच लोक, तीच भाषा, तीच लिपी, तेच देव चालू आहेत. सगळे मरून आठ जणांपासून नवी सुरुवात झाली असेल तर हा धागा तुटलेला दिसलाच पाहिजे.

इजिप्तपासून सुरुवात करा कारण तिथे पासबुक सगळ्यात भरलेलं आहे. खुफूचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले, त्यातली एक रोजनिशी मेरेर नावाच्या मुकादमाची आहे, साधारण ४० माणसांची टोळी घेऊन तो तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडी दगड होडीत भरून गिझाला नेत होता, आज दगड भरले, आज निघालो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, असं दिवसावार लिहिलंय. आपल्याकडच्या साइट सुपरवायझरच्या वहीसारखंच आहे ते, त्यात ना मंत्र ना चमत्कार. माझ्यासाठी हा अख्ख्या विषयातला सगळ्यात भारी पुरावा आहे, आणि तो दोनदा बोलतो, एकदा त्यातल्या मजकुराने आणि एकदा तो टिकला यानेच. पपायरस म्हणजे शेवटी लव्हाळ्यासारख्या गवताच्या पट्ट्या, त्या कोरड्या जागेत साडेचार हजार वर्षं राहिल्या. २३४८ ला त्यांच्यावर वर्षभर समुद्र उभा असता तर तुकडा सोडा, डागसुद्धा राहिला नसता.

आता त्याच इजिप्तमध्ये नेमकं २३४८ गाठा. पाचव्या घराण्याचा शेवटचा राजा उनास, त्याच्या सक्काऱ्याच्या पिरॅमिडात आतल्या भिंतींवर मृत राजासाठीचे मंत्र कोरलेत. तो गेला साधारण इ.स.पू. २३५० ला. त्याच्यानंतर तेती, सहाव्या घराण्याचा पहिला, आणि पुढे पेपी, त्यांचेही पिरॅमिड सक्काऱ्यातच आणि भिंतींवर त्याच परंपरेतले मंत्र, त्याच लिपीत, त्याच देवांना उद्देशून. इजिप्तच्या तारखा काही दशकं इकडे तिकडे होतात हे कबूल, पण त्या कितीही सरकवल्या तरी राजामागून राजा, कबरीमागून कबर ही रांग सलग आहे, मधे बुडून गेलेला देश कुठे दिसत नाही.

इजिप्तच्या तारखा फक्त राजांच्या याद्यांवर आहेत असा आक्षेप येईल. पूर्वी तो योग्य होता. २०१० साली जगभरच्या म्युझियममधल्या इजिप्शियन वस्तूंमधल्या दोनशेहून जास्त वनस्पती-नमुन्यांची कार्बन टेस्ट करून पडताळा घेतला गेला, त्यात पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या जोसेरचं राज्यारोहण इ.स.पू. २६९१ ते २६२५ च्या मधे आलं, म्हणजे याद्या आणि कार्बन हातात हात घालून चालतात.

मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, थोडक्यात: अक्कडचा राजा सारगॉन गादीवर आला इ.स.पू. २३३४ च्या सुमारास, म्हणजे अशरच्या पुरानंतर फक्त १४ वर्षांनी, आणि तो जिंकतोय कुणाला तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सुमेरियन शहरांना, ज्यांचे कालव्यावरून आणि हद्दीवरून चाललेले तंटे मातीच्या पाट्यांवर लिहिलेले आहेत. सिंधू संस्कृती तर इ.स.पू. २६०० ते १९०० अशी सलग भरात आहे, २३४८ बरोबर मधे, त्याच मापाच्या विटा, त्याच लिपीचे शिक्के, तीच वजनं दोन्ही बाजूंना.

समोरचा ग्रीक पाठावर जाऊन ३२०० म्हणाला तर? तर बलुचिस्तानातलं मेहरगढ दाखवा, इ.स.पू. ७००० पासून २५०० च्या आसपासपर्यंत वस्ती, शेती, मडकी टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली. किंवा उरुक या सुमेरियन शहरातल्या मातीच्या पाट्या, ज्यांची चित्रलिपी ३२०० च्या दोन्ही बाजूंना हळूहळू घडत जाते. तारीख मागे नेऊन सुटका होत नाही, फक्त साक्षीदार बदलतात.

महाराष्ट्रातला पुरावा इथे वापरायचा मोह होईल, जरा थांबा. प्रवरेकाठच्या दायमाबादची सुरुवात इ.स.पू. २२०० च्या सुमाराची, जोर्वे संस्कृती १४०० च्या पुढची, आणि आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीचं १९५०-५१ ला सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं त्यात तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि वर सातवाहन काळ असे थर मिळाले. हे सगळं २३४८ च्या नंतरचं आहे. समोरचा लगेच म्हणेल बघा, पुरानंतरच माणसं आली! म्हणून गढी अभिमानाने दाखवायला ठेवा, या वादात पुरावा म्हणून नको.

फोनवरचा कॅल्क्युलेटर काढा

आठ माणसं. दरवर्षी २ टक्के वाढ धरा, जगाच्या लोकसंख्येचा आजवरचा सगळ्यात जोराचा वेग १९६० च्या दशकात साधारण एवढाच होता, तोही लसी आणि अँटिबायोटिक आल्यावर. २३४८ पासून इ.स.पू. २११२ पर्यंत, म्हणजे उर या सुमेरियन शहरात राजा उर-नम्मू गादीवर आला तोपर्यंत २३६ वर्षं. उत्तर येतं साडेआठशेच्या आसपास. अख्ख्या जगात! उदार होऊन ३ टक्के धरा, साडेआठ हजार. एवढ्या लोकांत उरचं साम्राज्य चालवायचं, झिगुरात (टप्प्याटप्प्यांचं उंच देऊळ) बांधायचं, शिवाय इजिप्त, मोहेंजोदडो, चीन सगळीकडे माणसं पाठवायची आणि प्रत्येकाने वेगळी भाषा, वेगळी लिपी तयार करायची. हा हिशेब समोरच्याला स्वतःच्या हाताने करू द्या, तुम्ही सांगितलात तर ऐकणार नाही.

गाळ बघायला शिका

हे नाशिककरांना शिकवायची गरज नाही खरं तर. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा पाणी ओसरल्यावर गोदाघाटावर ज्याने चालून बघितलं त्याला पूर काय ठेवून जातो ते पाठ आहे. आधी खडी आणि जाड वाळू, त्यावर तेलकट बारीक गाळ, दोन दिवसांत वाळून त्याला भेगा, आणि भिंतींवर सगळीकडे एकाच उंचीची मातकट रेघ. घाटापासून वर चढत गेलं की एका ठिकाणी ती रेघ संपते, आणि तिथून पुढे गाळ शून्य.

पुराणवस्तूवाले हेच शोधतात. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२९ साली उरमध्ये तीनेक मीटर जाडीचा स्वच्छ गाळाचा थर मिळाला, वर मडकी, खाली मडकी, मधे काही नाही, आणि बायबलचा पूर सापडला म्हणून जगभर बातम्या झाल्या. मग किश आणि शुरुप्पाक या मेसोपोटेमियातल्याच शहरांतही थर मिळाले पण तारखा जुळेनात, उरचा इ.स.पू. ३५०० किंवा त्याही आधीचा, शुरुप्पाकचा २९०० च्या सुमाराचा. म्हणजे युफ्रेटिस-टायग्रिसच्या सपाट प्रदेशात वेगवेगळ्या वेळी आलेले वेगवेगळे महापूर. शुरुप्पाकच्या पुराची आठवण गोष्टीत शिरली असेल असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, कारण सुमेरियन गोष्टीतला नाववाला झिउसुद्रा शुरुप्पाकचाच, आणि १८७२ साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममध्ये गिल्गमेश या जुन्या मेसोपोटेमियन महाकाव्याची अकरावी पाटी वाचली त्यात पक्षी सोडून जमीन शोधण्यापर्यंत सगळं नोहाच्या गोष्टीसारखं आहे. मला हे पटतं. ज्या शेतकऱ्याला क्षितिजापर्यंत पाणीच दिसतंय त्याच्यासाठी जग बुडालेलंच असतं.

एक झाड पुरेसं आहे

कार्बन डेटिंग खोटं असं म्हणणाऱ्यासाठी कार्बन बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, त्यातल्या मेथुसेलाह नावाच्या झाडाचं वय ४८०० वर्षांच्या वर, १९५७ साली खोडातल्या वर्षावर्षाच्या कड्या मोजून काढलेलं, आणि ते आजही जिवंत आहे. म्हणजे २३४८ मध्ये ते पावणेपाचशे वर्षांचं होतं. वर्षभर खाऱ्या पाण्याखाली उभं राहिलेलं पाइन जगत नाही. मेलेल्या लाकडांच्या कड्या जिवंत झाडांशी जुळवत जर्मनीतली ओक-पाइनची सलग मोजणी तर बारा हजार वर्षांच्या पलीकडे गेली आहे. ग्रीनलंडच्या बर्फात वर्षावर्षाचे थर ६०,००० वर्षांपर्यंत मोजलेत. बर्फ पाण्यावर तरंगतो, पाणी तेवढं चढलं असतं तर ती अख्खी चादर उचलली जाऊन फुटली असती.

हमखास येणारे प्रश्न, आणि काय बोलायचं

"एव्हरेस्टवर समुद्री जीवांचे अवशेष कसे?" कारण तो चुनखडी समुद्राच्या तळाशी ४५ कोटी वर्षांहून आधी तयार झाला आणि नंतर भारताची प्लेट आशियाला धडकून वर उचलला गेला. पाणी डोंगरावर गेलेलं नाही, तळ वर आलाय.

"एवढं पाणी आलं कुठून?" हा प्रश्न तुम्ही विचारायचा. आजचा एव्हरेस्ट झाकायला साडेचार अब्ज घन किलोमीटर जादा पाणी लागेल, पृथ्वीवरचं सगळं पाणी मिळून १.४ अब्जाच्या आत आहे, आणि हवेतली सगळी वाफ एकदम पडली तर सगळीकडे अडीच सेंटिमीटर. यावर उत्तर येतं की तेव्हा डोंगर बुटके होते, नंतर उठले. मग चार हजार वर्षांत हिमालय नऊ किलोमीटर उठला तर वर्षाला दोन मीटर, आणि वर बसलेल्या लोकांनी भूकंपाबद्दल चकार शब्द लिहिला नाही, असं मानावं लागतं.

"सगळे खडकांचे थर त्याच पुराने टाकले." कसारा घाटात खिडकीशी बसा. काळ्या बेसाल्टच्या थरांमधे लाल पट्टे दिसतात, ते म्हणजे आधीचा लाव्हा थंड होऊन, उघड्या हवेत झिजून, त्याची माती होऊन, मग वरून आलेला पुढचा लाव्हा. पाण्याखाली एका वर्षात हे होत नाही. हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

"मग सगळ्या जगात पुराची गोष्ट का?" कारण माणूस नदीकाठी राहतो. शिवाय हिमयुग संपताना समुद्र खरंच १२० मीटरच्या आसपास चढला, फक्त हजारो वर्षं घेऊन. आणि इजिप्तमध्ये, जिथे नाईलचा पूर म्हणजे सुगी, तिथे जग बुडवणाऱ्या महापुराची गोष्ट अशी ठळक सापडत नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

शेवटचं उत्तर असं येतं की देवाने पूर आणला आणि नंतर सगळे पुरावे जसेच्या तसे परत लावून दिले, कड्या, थर, मेरेरची वही, सगळं. इथे वाद थांबवा, खरंच थांबवा. हा दावा कुठल्याच उत्खननाने खोडता येत नाही आणि सिद्धही होत नाही, आणि समोर मित्राचे पप्पा बसलेले असतील तर आवाज चढवून मिळणार काहीच नाही. फक्त एक प्रश्न नम्रपणे विचारून ठेवा: काका, पूर मेसोपोटेमियापुरता होता असं मानलं तर तुमच्या श्रद्धेतलं नेमकं काय कमी होतं? जगभरातले कित्येक ख्रिस्ती लोक तसंच मानून दर रविवारी चर्चला जातात. काकांनी विचार करतो म्हटलं तर चहा मागवा, नाही म्हटलं तरी मागवा.